अठरा खोडलेली उत्तरं

शनिवारी सकाळी नऊ वाजता त्या घरातल्या जेवणाच्या टेबलाचं परीक्षेचं टेबल व्हायचं. टेबलावरचं प्लास्टिक पुसलं जायचं, बरण्या कपाटात जायच्या, आणि एका टोकाला पस्तीस मिनिटांवर लावलेलं स्वयंपाकाचं घड्याळ टिकटिकायला लागायचं. घरातली जुळी भावंडं त्या वर्षी कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला बसणार होती. बाकीच्या विभागांची कुणाला फारशी चिंता नव्हती. चिंता होती ती विज्ञानाची. चाळीस प्रश्न, पस्तीस मिनिटं, सहा उतारे, आणि त्यांत पाठ केलेलं काहीच उपयोगी पडत नाही.

क्लासच्या सरांनी दिलेला सूचनांचा कागद फ्रिजच्या दारावर चिकटवलेला होता. आधी आकृती पाहा, मजकूर नंतर. अक्षांवर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय प्रश्नाला हात लावू नका. रेघ चढते की उतरते, आणि एक बदललं की दुसरं किती बदलतं, एवढं पाहा. दोन शास्त्रज्ञांच्या वादाचा उतारा शेवटी घ्या. अडलात तर जे नक्की चूक आहे ते आधी काढून टाका. चुकीला मार्क कापत नाहीत, तेव्हा एकही गोल रिकामा ठेवू नका.

हा कागद मुलांपेक्षा आजोबांनीच जास्त वेळा वाचला होता. आजोबांची सगळी नोकरी वजनमापं तपासण्याच्या कचेरीत गेली होती. दुकानात जाऊन दरडावणारे साहेब वेगळे, आजोबा मागच्या खोलीतले. जप्त होऊन आलेली वजनं मखमलीवर ठेवायची, चिमट्याने उचलायची, खऱ्या वजनाशी ताडून पाहायची, हे त्यांचं काम. माणसांशी बोलायची वेळ आली की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची, पण वजन कधी त्यांना फसवू शकलं नाही. निवृत्त झाल्यावरही गल्लीत त्यांना तराजूवाले आजोबाच म्हणत. उत्तरपत्रिका तपासायचं काम म्हणूनच त्यांच्याकडे आलं होतं.

क्लासकडून एका घराला सराव परीक्षेचा एकच संच मिळायचा. त्यामुळे सकाळी नातू बसायचा. त्याची उत्तरं आजोबा लाल पेन्सिलीने तपासायचे, मार्क सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचे, आणि दुपारी तोच संच घेऊन नात बसायची. हा क्रम कुणी ठरवला होता, हे विचारलं असतं तर कुणालाच सांगता आलं नसतं. नातू सात मिनिटं आधी जन्मला होता, एवढंच.

मुलांच्या वडिलांनी नियम मात्र एक ठरवला होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. परीक्षेत ज्याचे मार्क जास्त, तो मोठ्या शहरातल्या कॉलेजात जाईल. दुसरं इथल्याच कॉलेजात शिकेल.

"आपल्याकडे मुलगा-मुलगी असला भेद नाही," ते आल्यागेल्याला सांगत. "जो पळेल त्याचं बक्षीस."

सहाव्या शनिवारनंतर क्लासच्या सरांची चिठ्ठी आली. सरांनी फार जपून लिहिलं होतं, पण जपून लिहिलेलंच जास्त टोचतं. मुलीचे मार्क मुलाच्या मार्कांबरोबर वर-खाली होतात, घरी सराव करताना ती त्याची उत्तरं पाहते का, याकडे लक्ष द्यावं.

वडिलांनी चिठ्ठी टेबलावर आपटली. "कॉपी? आपल्या घरात?"

"बघत नाही मी," नात म्हणाली. मान खाली, आवाज शांत.

"मग सर काय उगाच लिहितायत?"

"मला नाही माहीत."

"मी सांगतो ना बाबा, नाही बघत ती," नातू म्हणाला. "माझा कागद आजोबांकडे असतो. तो मलाच परत मिळत नाही, तिला कुठून मिळेल?"

आतून आत्याआजी ताटल्या पुसत बाहेर आल्या. त्या म्हणजे आजोबांच्या धाकट्या बहीण. लग्नानंतर पंधरा वर्षांनी एकट्याच परत आल्या, आणि तेव्हापासून घर त्यांच्या हातावर चाललं होतं. सून इस्पितळात नर्स असल्यामुळे दोन्ही मुलं त्यांच्याच मांडीवर वाढली होती. त्या म्हणाल्या, "असू दे रे. पोर हुशार आहे, पण त्याच्याएवढी नाही. आपापल्या जागी आहेत दोघं. त्यात कसली कॉपी?"

वाक्य साधं होतं. पण आजोबांच्या मनात कुठेतरी ते खटकलं. वजन ठेवल्यावर काटा क्षणभर जास्त थरथरावा, तसं. त्यांनी स्वतःलाच दटावलं. आयुष्यभर खोटं शोधत बसलेल्या माणसाला खरंही खोटंच दिसायला लागतं.

सातव्या शनिवारी ते पहारेकरी म्हणून बसले. सकाळी नातवाला चाळीसपैकी तेहेतीस मिळाले. त्याचा कागद त्यांनी घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि दुपारी नातीच्या समोर खुर्ची ओढून बसले.

"आजोबा, तुम्ही असं बघत बसलात तर मला हसू येईल."

"हस. पण कागदाकडे बघून हस."

नात हसली नाही. पहिली वीस मिनिटं तिची पेन्सिल एका लयीत चालली. आकृतीवर नजर, प्रश्नावर नजर, गोल. पुढचा उतारा. दोन शास्त्रज्ञांचा वाद तिने शेवटी नाही, तिसराच घेतला, आणि तोही सरसर सोडवला. पंचविसाव्या मिनिटाला चाळीस गोल भरून झाले. मग दहा मिनिटं ती कागद परत पाहत बसली. मधूनच खोडरबर फिरायचा, फुंकर बसायची, दुसरा गोल भरला जायचा. इकडेतिकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

एकतीस. भावापेक्षा दोन कमी.

आजोबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. कॉपी करणारा माणूस दुसऱ्याच्या चुकाही उचलतो, हे त्यांना ठाऊक होतं. एकाच साच्यातून निघालेल्या खोट्या वजनांना खाच एकाच जागी असते. इथे नातवाच्या सात चुका आणि नातीच्या नऊ चुका यांत एकच प्रश्न सामाईक होता. म्हणजे कॉपी नव्हती. त्यांना हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कारण नातवाच्या चुका अवघड प्रश्नांत होत्या आणि नातीच्या सोप्या प्रश्नांत. ज्या मुलीने द्रावणाच्या तीन आकृत्या एकत्र वाचून उत्तर काढलं, ती 'कोणत्या तापमानाला रेघ सर्वांत वर आहे' एवढं चुकली होती.

त्यांनी सरांच्याच कागदाचं ऐकलं. आधी आकृती, मजकूर नंतर. जुन्या वहीतला आलेखाचा कागद काढला. आडव्या अक्षावर शनिवार, उभ्या अक्षावर मार्क. नातू: एकोणतीस, एकतीस, तीस, मग तो तापाने फणफणलेला असतानाचे चोवीस, मग बत्तीस, तेहेतीस, तेहेतीस. नात: सत्तावीस, एकोणतीस, अठ्ठावीस, बावीस, तीस, एकतीस, एकतीस.

दोन रेघा रेल्वेच्या रुळांसारख्या चालल्या होत्या. ताप नातवाला आला होता आणि मार्क नातीचेही उतरले होते.

एक बदललं की दुसरं किती बदलतं, एवढं पाहा.

त्यांनी नातीचा कागद उचलून खिडकीपाशी नेला आणि उन्हात तिरका धरला. खोडलेल्या जागी पेन्सिलीचा काळेपणा जातो, दाब जात नाही. सात ठिकाणी आधीच्या गोलाचा खड्डा दिसत होता. ते एकेक उत्तर ताडून पाहत गेले. सातही जागी आधीचं उत्तर बरोबर होतं आणि नंतरचं चूक.

घाबरून उत्तर बदलणारा माणूस कधी बरोबरचं चूक करतो, कधी चुकीचं बरोबर. काटा बिघडला की दोन्हीकडे झुकतो. जो एकाच बाजूला झुकतो तो बिघडलेला नसतो, त्याला कुणीतरी बोट लावलेलं असतं. हे आजोबांनी कचेरीत नव्या उमेदवारांना शेकडो वेळा सांगितलं होतं. आता बोट कुणाचं, एवढाच प्रश्न होता.

त्यांनी कुणालाच काही सांगितलं नाही. आधी स्वतःवरच संशय घेतला. डोळे म्हातारे, ऊन तिरकं, सात ही संख्या लहान. मग आठवडाभर घरातल्या प्रत्येकावर. नातू बहिणीला धमकावतो का? तो तर तिची सायकल पुसून देत होता. आपला मुलगा वरवर न्यायाचं बोलतो आणि आतून वेगळं सांगतो का? सून? ती बिचारी दमून घरी यायची आणि चपला काढता काढता झोपायची. आजोबा दाराआड उभे राहून बोलणं ऐकू लागले. आणि त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. नात टेबलावर बसण्याआधी आत्याआजी तिच्यापुढे नवा खोडरबर ठेवायच्या, तिच्या डोक्यावरून हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, "सांभाळून हं." नातवाला त्या नेहमी म्हणत, "मस्त सोडव."

आठव्या शनिवारी आजोबांनी क्रम उलटा केला. "आज ही आधी बसेल," ते नातीकडे बोट दाखवत म्हणाले.

एवढ्याशा वाक्याने घरात जणू काहीतरी सांडलं. नातीने भावाकडे पाहिलं. आत्याआजी हात पुसत बाहेर आल्या.

"दादा, परीक्षा आठ दिवसांवर आली. आता क्रम कशाला बदलतोस? पोरांची घडी मोडेल."

"खऱ्या परीक्षेला दोघं एकाच वेळी बसणारेत, छोटे. तिथे कुठला क्रम?"

"तिथलं तिथे. आत्ता त्याला आधी बसू दे की."

"का?"

 बहिणीने ओला हात पुन्हा पुसला.

आजोबांची अटकळ अशी होती, की भावाचे मार्क माहीत नसले म्हणजे नातीला दोन कमी पाडता येणार नाहीत आणि तिचे खरे मार्क बाहेर येतील. नात बसली. पंचविसाव्या मिनिटाला गोल भरून झाले. मग खोडरबर सुरू झाला आणि घड्याळ वाजेपर्यंत थांबला नाही.

एकवीस.

दुपारी नातवाला चौतीस मिळाले. त्याने बहिणीचे मार्क ऐकले आणि कपाळाला आठ्या घातल्या. "एकवीस? बरं नाहीये का तुला?"

"डोकं दुखत होतं," नात म्हणाली आणि वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेली.

आजोबांनी कागद उन्हात धरला. अठरा खड्डे होते. अठराच्या अठरा जागी आधीचं उत्तर बरोबर. म्हणजे पंचवीस मिनिटांत या मुलीने एकोणचाळीस सोडवले होते आणि दहा मिनिटांत अठरा मोडले होते. ते गुडघ्यावर हात ठेवत जिना चढून वर गेले. इतका जिना ते वर्षभरात चढले नव्हते.

नात चादरीची घडी घालत होती. त्यांनी दुसरं टोक धरलं.

"एकोणचाळीस होते," ते म्हणाले.

चादर दोघांच्या मध्ये ताणली गेली. 

"मला वाटलं होतं, तुझ्या दाद्याचे मार्क कळले नाहीत तर तू मोडणार नाहीस."

"माहीत नसलं की जास्त मोडावे लागतात, आजोबा," ती बोलून गेली, गणिताचं उत्तर सांगावं तसं. मग जीभ चावली. पण आता निघालेलं निघालं होतं. "तो वीसवर पण अडकू शकतो ना. ताप आला तेव्हा चोवीस पडले होते. मी वीस मोडायचे ठरवले होते. दोन प्रश्न इतके सोपे होते की ते चुकवायची लाज वाटली."

आजोबांना हसू यायला हवं होतं की रडू, ते त्यांना कळलं नाही.

"आणि पुढच्या रविवारी? खऱ्या परीक्षेत?"

"तेवढेच. विज्ञानात सगळ्यात सोपं पडतं. बाकीच्या विभागांत आम्ही बरोबरीचेच आहोत."

"मोठ्या शहरात जायचं नाही तुला?"

नातीने चादर त्यांच्या हातातून काढून घेतली आणि उरलेली घडी एकटीने घातली. "जायचंय," ती म्हणाली. "म्हणून तर पुस्तकं वाचते. पण मी पुढे गेले तर दाद्या खचेल. बाबा हसतील, पण मनातून खचतील. घर विस्कटतं. मुलगी मागे राहिली तर कुणाला काही होत नाही."

सतरा वर्षांच्या मुलीचं हे बोलणं नव्हतं. आवाज तिचा होता, शब्द कुणाचे तरी होते. "हे तुला कुणी सांगितलं?" आजोबांनी विचारलं.

नात गच्चीच्या कठड्यावरून खाली पाहू लागली. खाली मोरीपाशी आत्याआजी भांडी विसळत होत्या.

आजोबा खाली आले तेव्हा बहिणीने मान वर केली नाही. त्यांनी मोरीजवळचा स्टूल ओढला.

"छोटे, तू पोरीला चुकायला शिकवतेस."

"कमी चुकायला शिकवलं असतं तर शाबासकी दिली असतीस," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तुला खड्डे दिसले ना? मी तिला सांगितलं होतं, पेन्सिल हलकी धर. ऐकत नाही."

"लाज नाही वाटत?"

"वाटते. पण सवय झालीय."

"कसली सवय?"

नळ चालू होता. त्यांनी तो बंद केला, हात झटकले, आणि पहिल्यांदा भावाकडे नीट पाहिलं. "दादा, तू आणि मी एकाच वर्षी परीक्षेला बसलो होतो. मला मधली एक इयत्ता गाळून वर घातलं होतं, आठवतं? आपल्या वडिलांनी काय सांगितलं होतं? ज्याचे मार्क जास्त, तो कॉलेजात."

"आठवतं. मला दोन जास्त पडले."

"हो. दोन." त्या स्टुलाशेजारी जमिनीवर बसल्या. "आईने आदल्या दिवशी माझी वेणी घालताना सांगितलं. दादा मुलगा आहे, तू पुढे गेलीस तर तो कुणाला तोंड दाखवणार नाही. बाकी काही नाही म्हणाली. वेणी घालून झाली. तू घरी सरावाला किती सोडवायचास ते मला तोंडपाठ होतं. त्याहून नऊ कमी पडतील असं धरून मी मोडले. आणि निकाल आला तर फरक फक्त दोनचा." त्यांनी पदराला हात पुसले. "तू माझ्या अंदाजापेक्षा सात खाली गेला होतास, दादा. मी थोडक्यात वाचले."

बाहेरच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीवर, आजोबांचं प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं होतं. त्या कागदावर ते कॉलेजात गेले, त्या कागदावर कचेरीत लागले. आयुष्यभर दुसऱ्यांची वजनं त्यांनी डोळ्यांत तेल घालून तपासली. हे एक वजन रोज डोळ्यांसमोर टांगलेलं होतं, ते तपासायचं कधी सुचलं नव्हतं.

"तू मला सांगितलं का नाहीस?" त्यांनी शेवटी विचारलं.

"तू विचारलंस का?" बहीण म्हणाली. "सगळ्या जगाचा संशय घ्यायचास. माझा कधी घेतला नाहीस. बरं वाटायचं मला त्याचं."

रविवारी संध्याकाळी सून घरी असताना, जेवणं झाल्यावर, आजोबांनी आलेखाचा कागद टेबलावर ठेवला. बोलताना ते दोनदा अडखळले, पण थांबले नाहीत. दोन रेघा दाखवल्या, खोडलेले कागद दाखवले, आणि मग, आवाज खाली जात असताना, आपल्या प्रमाणपत्राचंही सांगितलं.

वडिलांनी दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं. "पण मी तर न्यायानेच ठेवलं होतं ना? दोघांना सारखा नियम."

"काटा तुझा खरा होता," आजोबा म्हणाले. "पारड्यावर बोट होतं. आणि तू रोज काट्याकडे बघून खूश होत होतास. मीही."

"आत्या, तू असं का..." वडील आत्याआजींकडे वळले.

"तिला काय विचारतोस?" सून म्हणाली.  "दोघं रडत घरी आली तर आपण आधी कुणाला जवळ घेतो, ते विचार स्वतःला. मी मला विचारतेय."

मग नातू बोलला. त्याचे कान लाल झाले होते. "म्हणजे मला वाटत होतं, मी तिच्यापेक्षा हुशार आहे."

"मलाही वाटत होतं," आजोबा म्हणाले. "जवळजवळ पन्नास वर्षं."

नातू बहिणीकडे वळला. "माझ्या तापातसुद्धा तू मोडलेस? चोवीसच्या खाली?"

"बावीस," नात म्हणाली. "फार कठीण गेलं. इतकं चुकायला डोकं लागतं."

त्याला हसू फुटलं, आणि मग एकदम फुटलेलं हसू आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. तो उठून गच्चीवर निघून गेला. कुणी त्याच्या मागे गेलं नाही. नात उठली होती, पण आत्याआजींनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. "राहू दे त्याला," त्या म्हणाल्या. "खचला तर खचला. माणूस खचून उठतो. तुझ्या पाठीवर पाय देऊन उठायची त्याला गरज नाही." आजोबांना वाटलं, हे वाक्य आपली बहीण कुणाला तरी सांगायला फार वर्षांपासून जपून ठेवत होती.

पण प्रश्न सुटला, असं आजोबांना वाटलं नाही. आठवडाभर नात सगळ्यांकडे संशयाने पाहत होती. वडिलांनी नियम मोडीत काढला. दोघांनाही जिथे प्रवेश मिळेल तिथे पाठवायचं, असं ठरलं. तेही तिने ऐकलं आणि मान डोलावली, त्यापलीकडे काही नाही. सतरा वर्षं एका सुरात ऐकलेलं एका रविवारच्या जेवणाने कसं पुसलं जाणार? काळेपणा जातो, दाब राहतो.

परीक्षेच्या सकाळी आत्याआजींनी दोघांच्या पिशव्या भरल्या. पेन्सिली, ओळखपत्र, पाण्याची बाटली. नातीच्या पिशवीत हात घालून त्यांनी नवा खोडरबर बाहेर काढला, हातात धरून उभ्या राहिल्या, आणि पुन्हा आत ठेवला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "खरी चूक झाली तर लागेल."

नात दारात थांबली. नेहमीचं "सांभाळून हं" येतं का, म्हणून थांबली असावी.

"एकही मोडू नकोस," आत्याआजी म्हणाल्या.

"खरंच सांगतेस, की सगळे बघतायत म्हणून?"

 "मला स्वतःलाही माहीत नाही गं," त्या म्हणाल्या. "तू माझ्यावर विश्वास ठेवून जाऊ नकोस. तुझी तू जा."

दुपारी दोन वाजता परीक्षा केंद्राच्या फाटकापाशी आजोबा उभे होते. नातू आधी बाहेर आला, दमलेला. विज्ञान बरं गेलं, म्हणाला, आणि मागे वळून बहिणीची वाट पाहत उभा राहिला. ती आली. बोटांना पेन्सिलीचा काळा लागला होता.  विचारायची आजोबांना छाती झाली नाही. तिने स्वतःच सांगितलं.

"चाळीस गोल भरले. दोन शास्त्रज्ञांच्या वादात एक प्रश्न होता, त्याचं खरंच कळत नव्हतं. दोन उत्तरं काढून टाकली आणि उरलेल्या दोनांतलं एक भरलं." ती चालू लागली, मग थांबली. "आजोबा, मला पहिल्यांदाच माझे मार्क आधी माहीत नाहीत."

तिच्या चेहऱ्यावर भीती होती. आजोबांना ती भीती फार आवडली.

सोमवारी ते आलेखाचा कागद घेऊन क्लासच्या सरांकडे गेले. सरांना आधी वाटलं, आजोबा चिठ्ठीबद्दल भांडायला आलेत. मग सगळं ऐकून ते म्हणाले, "आजोबा, तुमच्या घरी झालं असेल. सगळीकडे कसं होईल?"

"नसेलही होत," आजोबा म्हणाले. "मी चुकतही असेन. मला फक्त मार्कांची वही दाखवा."

त्या वर्षी नऊ घरांतून भाऊ-बहीण दोघंही क्लासला येत होते. सरांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून आजोबांनी नऊ आलेख काढले. पाचांत रेघा आपापल्या वाटेने गेल्या होत्या, एकमेकींना छेदत, वर-खाली होत. चारांत खालची रेघ वरच्या रेघेच्या पावलावर पाऊल ठेवून चालली होती. त्यांतलं एक घर त्यांचंच होतं. सरांनी उरलेले तीन आलेख जवळ ओढले. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"मी यांच्या घरीही कॉपीच्या चिठ्ठ्या पाठवल्यात," ते म्हणाले.

"आता दुसरी चिठ्ठी पाठवू. तुम्ही सही करा, मी लिहितो. दोष कुणाला द्यायचा नाही. एवढंच म्हणायचं, की मुलीचे सरावाचे जुने कागद बाहेर काढा, आणि उन्हात तिरके धरून पाहा."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी एका घराला दोन संच द्या," आजोबा म्हणाले. इतकं ठामपणे आपण कुणाला काही सांगितलं, याचं त्यांनाच नवल वाटलं.

संध्याकाळी ते घरी परतले तेव्हा जेवणाच्या टेबलावरचं प्लास्टिक पुसलेलं होतं. क्लासकडून आलेला एक संच न वापरता राहिला होता. तो पुढ्यात ठेवून आत्याआजी बसल्या होत्या, चष्मा लावून, पेन्सिलीला टोक काढून.

"घड्याळ लाव, दादा," त्या म्हणाल्या. "आणि समोर बसू नकोस. बाहेर जा."

आजोबांनी पस्तीस मिनिटं लावली आणि बाहेर पायरीवर येऊन बसले. गुडघ्यावर कागद ठेवून पहिल्या घराची चिठ्ठी लिहायला घेतली. पण लिहिताना त्यांचे कान आत होते. पेन्सिलीची कुरकुर ऐकू येत होती. मग ती थांबली, आणि खोडरबराचा आवाज आला. आजोबा अर्धे उठले.

मग पुन्हा खाली बसले. ती चूक तिची स्वतःचीही असू शकते, त्यांच्या मनात आलं. खरी.